घाटात तापणाऱ्या पिकपला जादा फॅन कसा बसवायचा, सगळं पहिल्यापासून

मे महिना, शनिवारची दुपार, पाठीमागं शेणखताचा लोड आणि पसरणी घाटात पुढं पर्यटकांच्या गाड्यांची ही मोठी रांग. वाईतून निघालो तेव्हा काटा मधोमध होता, निम्मा घाट चढेस्तोवर तांबड्या पट्टीला टेकला. एसी नाहीच, उलट इंजिनची उष्णता केबिनमध्ये ओढून घ्यायला हीटर फुल्ल सोडला, दोन्ही काचा खाली, अंगातून घामाच्या धारा आणि सगळं लक्ष त्या काट्यावर. ज्यांनी लोड घेऊन घाट चढलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्या दिवशी कडेला गाडी घेऊन पाऊण तास थांबलो आणि ठरवलं की याचा बंदोबस्त आपणच करायचा, कारण गॅरेजला तीनदा दाखवून झालेलं आणि तिन्ही वेळा "पाणी टाका, काय होत नाही" एवढंच ऐकून आलो होतो.

गाडी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. जुनी डिझेल पिकप, आता धंद्याला नाही, घरच्या शेताचं आणि पाहुण्यारावळ्यांचं सामान न्यायला आणायला आणि माझ्या रविवारच्या हौसेला. दोन रविवार गेले, खर्च चार हजारांच्या आत बसला आणि त्यानंतर दोन उन्हाळे गाडी घाटात एकदाही उभी राहिली नाही. जे केलं आणि जे चुकलं ते सगळं क्रमानं लिहितोय. एक आधीच सांगतो, गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला हात लावू नका, कंपनीत न्या.

गाडी घाटातच का तापते

डिझेल जळून जेवढी उष्णता तयार होते तिच्यातली ढोबळमानानं एक तृतीयांश चाकाला मिळते, तेवढीच सायलेन्सरमधून जाते आणि राहिलेली बरीचशी पाण्यातून म्हणजे रेडिएटरमधून बाहेर काढावी लागते. हायवेला सत्तरच्या स्पीडला समोरून वारं फुकट मिळतं म्हणून तिथं त्रास नाही. घाटात इंजिन पूर्ण ताकद लावतंय पण गाडीचा स्पीड वीसचा, म्हणजे वारं नाही. त्यातून मधेच ट्रॅफिक थांबलं की इंजिन आयडलला येतं, आणि आपल्या पिकपचा पंखा इंजिनवर चालतो, इंजिन हळू तर पंखा हळू आणि पाण्याचा पंपही हळू. म्हणजे नेमकी सगळ्यात जास्त गरम झालेल्या वेळी हवा सगळ्यात कमी. इलेक्ट्रिक फॅनला इंजिनच्या आरपीएमशी देणंघेणं नसतं, गाडी उभी असली तरी तो पूर्ण हवा मारतो, म्हणून घाटातल्या गाडीला त्याचा एवढा फायदा.

दुसरी गोष्ट उंचीची. वाई साधारण सातशे मीटरवर आणि पाचगणी तेराशेच्या आसपास. दर तीनशे मीटरला पाण्याची उकळी ढोबळ एक अंशानं खाली येते, म्हणजे पाचगणीत साधं पाणी ९५-९६ अंशालाच उकळतं. रेडिएटरचं झाकण प्रेशर धरतं म्हणून गाडीत तसं होत नाही, ०.९ बारचं चांगलं झाकण उकळी साधारण १८ ते २० अंशांनी वर नेतं. पण झाकणाचं रबर गेलं असेल तर हे वरचं सगळं संरक्षण गेलं, आणि मग खाली गावात नीट चालणारी गाडी वर जाऊन उकळ्या फोडते.

फॅन विकत घेण्याआधी

माझं स्पष्ट मत आहे, आहे ते कूलिंग नीट करून घेतल्याशिवाय एक रुपयाचं नवीन सामान आणू नका. माझ्या गाडीत निम्मा रोग इथंच निघाला.

समोरची ग्रिल काढली तेव्हा वरवर रेडिएटरची जाळी स्वच्छच दिसत होती. पण पाठीमागून बॅटरी म्हणजे टॉर्च लावून बघितलं तर खालच्या एक तृतीयांश भागातून उजेडच येत नव्हता. कारखान्याच्या रोडला उसाच्या ट्रॉल्यांमागं चालवून चालवून उसाच्या पाचटाची बारीक कुसळं, बगॅसचा भुसा, किडे आणि त्यावर इंजिन ऑइलची वाफ बसून नमद्यासारखा थर झालेला. बोटानं खरवडला तर पापुद्रा निघाला. ही बॅटरीची टेस्ट प्रत्येकानं करा, दोन मिनिटांचं काम आहे.

धुताना नेहमी पाठीमागून पुढं पाणी मारायचं, ज्या बाजूनं घाण आली त्याच बाजूनं ती बाहेर ढकलायची. शक्य असेल तर पंख्याचं काऊल, म्हणजे त्याच्याभोवतीचं कडं, काढा म्हणजे पाइप आत जातो. आधी शाम्पूचं किंवा भांड्याच्या साबणाचं पाणी शिंपडून पंधरा मिनिटं भिजू द्या, मग बागेच्या साध्या पाइपनं सावकाश. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला की पातळ पत्रे आडवे होतात आणि मग धुऊन आणलेली गाडी आधीपेक्षा जास्त तापते, हे मी शेजाऱ्यांच्या गाडीला झालेलं बघितलंय. आडवे झालेले पत्रे बारीक स्क्रू ड्रायव्हरनं एकेक करून उभे करायचे, वेळ लागतो पण करा. माझा अख्खा एक रविवार दुपारपर्यंत यातच गेला.

मग झाकण. आतल्या रबराला चीर किंवा खड्डा दिसला की नवीन टाका, त्यात बचत करू नका, फक्त जुन्यावर जो आकडा छापलाय तोच घ्या. जास्त प्रेशरचं घातलं की जुने होज म्हणजे रबरी पाइप आणि रेडिएटरचे सांधे फुटतात.

पंख्याला काऊल आहे का बघा. जुन्या गाड्यांचं काऊल कधीतरी फुटतं आणि कुणीतरी काढून टाकतं, मग पंखा इंजिनचीच गरम हवा गोल गोल फिरवत बसतो. पंख्याच्या मधोमध व्हिस्कस क्लच (गरम झाल्यावर पंखा इंजिनशी घट्ट जोडणारा भाग) असेल तर गाडी गरम करून इंजिन बंद करा, चावी खिशात ठेवा आणि पंखा हातानं झटक्यात फिरवा. घट्ट वाटून अर्ध्याएका फेऱ्यात थांबला तर ठीक, मोकळा चार-पाच फेऱ्या फिरत राहिला तर क्लच गेलाय.

थर्मोस्टॅट वॉलबद्दल (पाणी ठरावीक गरम झालं की रेडिएटरकडचा रस्ता उघडणारी झडप) जरा जास्त लिहितो कारण आपल्याकडं गाडी तापली की मिस्त्री पहिल्यांदा तो काढून फेकतो. असं करू देऊ नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा रस्ता बंद करतो, तो काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि निम्मं पाणी रेडिएटरकडं न जाताच परत इंजिनात फिरतं. म्हणजे थंडीत गाडी गरम होत नाही आणि घाटात थंड होत नाही. थर्मोस्टॅट तपासायला तो काढून पातेल्यात दोऱ्याला टांगून पाणी गरम करायचं, सोबत थर्मामीटर. त्याच्यावर ८२ असा आकडा असेल तर त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि उकळी येईपर्यंत चांगलाच उघडला पाहिजे. घरातलं स्वयंपाकाचं पातेलं वापरू नका, कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळतात ते रसायन) विषारी असतं.

आणि शेवटची तपासणी, हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग. गार गाडीचं झाकण काढून स्टार्ट करा आणि पाण्यात बघा. सारखे बुडबुडे येत राहिले, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चॉकलेटी चिकटा दिसला, किंवा पाणी कुठं गळत नसताना रोज कमी होतंय, तर इथंच थांबा. गॅसकेट गेलेल्या गाडीला दहा फॅन लावले तरी उपयोग नाही.

मोजायचं कसं

डॅशबोर्डचा काटा हा फार आळशी असतो, मधल्या बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो हलतच नाही आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. लेझरवाली थर्मामीटर गन घ्या, कोरोनातली कपाळावर धरायची नव्हे, इंडस्ट्रियल, निदान तीनशे अंशापर्यंत दाखवणारी. चकचकीत ॲल्युमिनियमवर ती चुकीचं दाखवते म्हणून नेहमी रबराच्या होजवर किंवा चिकटवलेल्या काळ्या टेपवर धरायची.

वरचा होज म्हणजे इंजिनातून येणारं गरम पाणी, खालचा म्हणजे रेडिएटरनं थंड करून परत पाठवलेलं. गाडी तापलेली असताना दोन्ही मोजा. वरचा खूप गरम आणि खालचाही जवळजवळ तेवढाच गरम, तर पाणी फिरतंय पण हवा उष्णता उचलत नाहीये, म्हणजे फॅनचं काम आहे. वरचा खूप गरम आणि खालचा फारच गार, तर पाणीच नीट फिरत नाहीये, रेडिएटर आतून चोंदलाय किंवा पंप किंवा थर्मोस्टॅट, तिथं फॅन लावून पैसे वाया जातील. जाळीवरून गन सावकाश फिरवली आणि मधेच एखादा पट्टा गार लागला तर त्या नळ्या क्षारानं भरल्यात असं समजा, रेडिएटर काढून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या नाहीतर बदला. बोअरचं पाणी ओतून ओतून हे होतं.

माझ्या गाडीची सफाई झाल्यावर त्याच लोडला, त्याच घाटात, त्याच वेळेला वरचा होज १०३ अंश आणि खालचा ९८. आधीपेक्षा बरं होतं, पण ट्रॅफिकमध्ये थांबलं की अजूनही चढत होतं. म्हणजे हवा कमी पडतेय हे नक्की झालं, आणि मगच मी फॅन शोधायला बाहेर पडलो. या आकड्यांची एक वही करा. मी गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्येच ठेवलीय, तारीख, बाहेरचं टेम्परेचर, लोड किती, कुठं मोजलं, वरचा किती, खालचा किती. नंतर फरक पडला का नाही हे मनावर सोडायला नको.

कोणी म्हणेल मोठा रेडिएटर टाक किंवा ऑइल कूलर बसव. मोठ्या जाळीचा रेडिएटर चांगलाच, पण महाग, आणि आयडलला हवाच नसेल तर तोही तापूनच बसणार. ऑइल कूलरचं मला आकर्षण होतं, खोटं कशाला बोलू, पण फिल्टरच्या खाली बसणाऱ्या प्लेटचा आटा चुकला किंवा चेसीला घासून पाइप फुटला तर अर्ध्या मिनिटात सगळं ऑइल रस्त्यावर आणि इंजिन जाम. ऑइलचं टेम्परेचर मोजून ते खरंच जास्त आहे असं दिसल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

फॅन कसा निवडायचा

आधी जागा मोजा. दोन प्रकार असतात, जाळीच्या पुढं बसून हवा आत ढकलणारा आणि पाठीमागं बसून हवा ओढणारा. ओढणारा जास्त चांगलं काम करतो, पण आपल्या पिकपला मागं इंजिनचा पंखा असतोच, तिथं जागा नाही. म्हणून ढकलणारा, ग्रिल आणि रेडिएटर यांच्यामध्ये. एसी असेल तर तो कंडेन्सरच्या म्हणजे एसीच्या जाळीच्या पुढं येतो. माझ्याकडं तिथं चार बोटांपेक्षा थोडी जास्त जागा होती, बारा इंची पातळ फॅन बसला. मोठ्यात मोठा बसवायचा मोह होतो तो टाळा, कारण पुढं लावलेला फॅन बंद असताना हायवेच्या वाऱ्याला आडवा येतो, जाळीचा निम्म्यापेक्षा जास्त भाग झाकू नका.

पाती सरळ आहेत का वाकडी तेही बघा. एका बाजूला झुकलेली पाती असतील तर तो फॅन एकाच दिशेला नीट हवा मारतो. नुसती वायर उलटी करून दिशा बदलली की फिरतो खरा पण हवा निम्मीसुद्धा येत नाही, पातंही काढून उलटं बसवावं लागतं.

जुन्या बाजारातून छोट्या कारचा फॅन घेतला तरी चालतो, मी तोच घेतला. फक्त घेताना तिथंच बॅटरी लावून बघायचा. एकदा हातानं फिरवून शाफ्ट डुगडुगते का बघा, मग करंट देऊन दोन-तीन मिनिटं चालू ठेवा आणि बेअरिंगचा आवाज ऐका. मोटर १२० वॅटची असेल तर १२० भागिले १२ म्हणजे दहा अँपिअर, आणि चालू होताना क्षणभर त्याच्या दोन-तीन पट. हा आकडा लिहून ठेवा, वायर आणि फ्यूज याच्यावर ठरतात.

बसवणं

इथं माझी मोठी चूक झाली. फॅनसोबत प्लास्टिकच्या लांब टाय मिळतात, त्या रेडिएटरच्या जाळीतून आरपार घालून ओढून घ्यायच्या, दहा मिनिटांत फॅन बसतो. मी तसाच बसवला. दीड महिन्यानं सकाळी गाडीखाली हिरवं पाणी. फॅन काढून बघितलं तर व्हायब्रेशननं प्लास्टिकचा पाय घासून घासून एका नळीला सुईच्या टोकाएवढं भोक. पिकपची व्हायब्रेशन कारसारखी नसते, त्यात आपले रस्ते. रेडिएटर उतरवून झाळून आणावा लागला.

तर असं करायचं. एक पुठ्ठा घ्या, आमच्याकडं स्ट्रॉबेरीचे खोके घरात पडलेलेच असतात, त्याच्यावर फॅनची चौकट आणि भोकं आखून कापून घ्या. तो पुठ्ठा ग्रिलच्या आत धरून बघा की बोनेटचं लॉक, हॉर्न, हेडलाइटची वायर कुठं आडवं येतंय का आणि बोनेट पूर्ण बंद होतंय का. मग पंचवीस बाय तीन एमएमची लोखंडी पट्टी, दोन उभ्या, वरून रेडिएटरच्या वरच्या आडव्या पत्र्याला आणि खालून क्रॉस मेंबरला बोल्ट करायच्या. फॅन या पट्ट्यांवर, रेडिएटरला कुठंच टेकायचा नाही. जाळी आणि फॅनच्या चौकटीमध्ये आठ-दहा एमएम अंतर ठेवा आणि चौकटीच्या कडेनं दाराला लावतो तशी फोमची पट्टी चिकटवा, म्हणजे हवा बाजूनं निसटत नाही आणि धातू धातूला घासत नाही. पट्टीच्या भोकांत रबरी बुश आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला. साधा नट स्प्रिंग वॉशर लावूनसुद्धा दोन महिन्यांत ढिला झालेला मी बघितलाय. पट्ट्या कापून झाल्यावर लाल प्रायमर आणि वर काळा रंग, नाहीतर एका महाबळेश्वरी पावसाळ्यात गंजून जातील.

फॅनचं पातं कुठं घासत नाही ना हे बॅटरीला हात लावण्याआधी बोटानं फिरवून बघा.

वायरिंग, इथं घाई नको

अशा जादा सामानाच्या चुकीच्या वायरिंगनं गाड्या जळू शकतात, म्हणून हे नीट वाचा. पहिलं काम, बॅटरीचा मायनस काढून ठेवा.

फॅन सरळ स्विचवर घेऊ नका, डॅशबोर्डचे स्विच एवढा करंट झेलत नाहीत, आत वितळतात. मधे रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) पाहिजे, १२ व्होल्ट ४० अँपिअरचा, चार पायांचा, कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. पायांवर आकडे असतात, ३०, ८७, ८५ आणि ८६. बॅटरीच्या प्लसमधून वायर निघाली की वीतभर अंतराच्या आत २० अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० ला. ८७ मधून फॅनच्या प्लसला. फॅनचा मायनस चांगल्या अर्थला, म्हणजे रंग खरवडून चकचकीत केलेल्या चेसीच्या बोल्टला किंवा सरळ बॅटरीच्या मायनसला. या सगळ्या जाड वायरी चार स्क्वेअर एमएमच्या घ्या. अडीचनंही काम चालतं पण लांबी जास्त झाली की व्होल्टेज पडतं आणि फॅन सुस्त फिरतो.

राहिले ८५ आणि ८६, यातून अगदी थोडा करंट जातो म्हणून एक स्क्वेअरची वायर पुरते. ८६ ला चावी ऑन केल्यावरच करंट येतो अशा वायरीतून छोट्या ५ अँपिअरच्या फ्यूजमधून प्लस द्या. कायम करंटवर दिलं तर गाडी बंद केल्यावरही फॅन चालू राहील आणि सकाळी धक्का स्टार्ट. ८५ मधून वायर टेम्परेचर स्विचला आणि स्विचचं दुसरं टोक अर्थला. पाणी गरम झालं की स्विच अर्थ जोडतो, रिले टक् करतो, फॅन सुरू.

याच ८५ मधून अजून एक वायर काढून केबिनमध्ये साध्या स्विचवर आणि तिथून अर्थला दिली की हातानंही फॅन लावता येतो. हा स्विच नक्की ठेवा. घाटाच्या पायथ्यालाच मी तो लावतो, काटा चढायची वाट बघत नाही. आणि ८७ मधून १ अँपिअरच्या फ्यूजमधून एक छोटा निळा दिवा डॅशबोर्डवर. फॅन लागला का नाही हे इंजिनच्या आवाजात कळत नाही, दिवा बघितला की कळतं. पण तो दिवा म्हणजे फॅनला करंट पोचला एवढंच, फॅन खरंच फिरतोय हे महिन्यातून एकदा उतरून बघायचं.

फ्यूज फॅनसाठी नसतो, वायरीसाठी असतो हे डोक्यात ठेवा. वारंवार उडतोय म्हणून मोठा टाकायचा नाही, तार तर अजिबात नाही, का उडतोय ते शोधायचं. जोड नुसते पिळून टेप गुंडाळू नका, लग क्रिम्प करून वर हीट श्रिंक नळी. वायर काळ्या फ्लेक्सी पाइपातून, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून आणि फॅन बेल्टपासून लांब, केबिनमध्ये जाताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट. रिले पाय खाली करून बसवा, पाणी आत साचत नाही.

झाल्यावर फॅन चालू करून मल्टीमीटरनं बॅटरीवर आणि मग फॅनच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर कुठंतरी जोड ढिला किंवा अर्थ खराब आहे. इंजिन आयडलला, फॅन चालू, हेडलाइट चालू, अशा वेळी बॅटरीवर साडेतेरा व्होल्टच्या आसपास राहिलं पाहिजे. तेराच्या खालीच राहत असेल तर अल्टरनेटर दाखवून घ्या.

टेम्परेचर स्विच

काही रेडिएटरला स्विचचा आटा आधीच असतो, माझ्याला नव्हता. मग होज मधून कापून त्यात ॲल्युमिनियमचा जोड बसवायचा, त्याच्यावर २२ एमएमचा आटा असतो, त्यात कारचा फॅन स्विच बसतो. मी ९२ ला चालू आणि ८७ ला बंद होणारा घेतला आणि वरच्या होजमध्ये बसवला. थर्मोस्टॅट ८२ चा असताना ८० चा स्विच घेतला तर फॅन दिवसभर फिरतच राहील, स्विच नेहमी थर्मोस्टॅटच्या आकड्यापेक्षा वर पाहिजे. नवीन स्विच बसवायच्या आधी तोही टाकाऊ डब्यात, गरम पाण्यात बुडवून मल्टीमीटरनं तपासा. वाईत साधं पाणी ९७-९८ पर्यंत जातं त्यामुळं ९२ चा घरी तपासता येतो.

एका गोष्टीपायी माझा अर्धा दिवस गेला. स्विच एक पायाचा होता, म्हणजे त्याचा अर्थ आट्यातून मिळतो. पण तो जोड दोन्हीकडून रबरी होजमध्ये बसलेला, त्याला अर्थ मिळणार कुठून? सगळं बरोबर असून फॅन लागेना. शेवटी जोडाला क्लिपखाली एक वायर दाबून चेसीला दिली तेव्हा लागला. म्हणून शक्यतो दोन पायांचाच स्विच घ्या, आणि एक पायाचा असेल तर आट्यावर टेफ्लॉन टेपचे वेढे मारू नका, वॉशर वापरा.

होज कापायच्या आधी गाडी पूर्ण गार, रात्रभर उभी असेल तर उत्तम. खालून पाणी स्वच्छ बादलीत काढा. होजचा आतला व्यास व्हर्नियरनं मोजूनच जोड घ्या, दोन एमएम इकडं तिकडं झालं तर क्लिप कितीही आवळा, गळणारच. काटकोनात सरळ कापा, होज जुना कडक झालेला असेल तर हीच वेळ बदलायची.

बादलीतलं कूलंट अंगणात ठेवून चहाला जाऊ नका. ते गोडसर असतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात, लहान पोरंही चव घेऊन बघतात.

पाणी भरणं आणि हवा काढणं

कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. बोअरचं, विहिरीचं नाही. निम्म्यापेक्षा जास्त कूलंट घातलं की जास्त थंड होतं हा गैरसमज आहे, उष्णता पाणी जास्त चांगली वाहून नेतं, कूलंट गंज रोखायला आणि उकळी वर न्यायला. दोन वेगळ्या प्रकारची कूलंट मिसळू नका, पहिलं सगळं काढून साध्या पाण्यानं धुऊन मग नवीन.

गाडीचं तोंड चढाला करून उभी करा, हीटर फुल्ल गरमवर, झाकण काढलेलं, आणि सावकाश भरा. स्टार्ट करून आयडलला ठेवा, वरचा होज गरम व्हायच्या आधी हातानं दाबत राहा, हवेचे बुडबुडे येतील, पाणी खाली जाईल, परत भरा. थर्मोस्टॅट उघडला की पाणी एकदम खाली जातं, तेव्हा शेवटचं भरून झाकण लावा. आत हवा राहिली तर एवढं सगळं करून गाडी पहिल्या दिवशीच तापेल आणि तुम्ही फॅनला दोष द्याल.

ट्रायल

पहिल्यांदा दारातच. हातानं फॅन लावा आणि ग्रिलसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा, तो ग्रिलला चिकटला पाहिजे. उडून अंगावर आला तर फॅन उलटा फिरतोय. मग आयडलला गाडी गरम होऊ द्या, फॅन आपोआप कधी लागला आणि कधी बंद झाला ते गननं मोजून वहीत लिहा. रिले, फ्यूज आणि कनेक्टरला पाच मिनिटांनी हात लावून बघा, कोमट चालेल, चटका बसत असेल तर जोड खराब.

मग रिकामी गाडी घेऊन यवतेश्वरचा घाट, परत येऊन सगळे नट बोल्ट. त्यानंतर लोड. मी पुढच्याच शनिवारी तेवढंच शेणखत भरून भिलारला गेलो, रांग तशीच होती. थांबलो तेव्हा वरचा होज ९४, खालचा ८६. आधी थांबलं की चढायचा, आता थांबलं की दोन मिनिटांत उतरायला लागतो, खरा फरक तो. उतरताना रिकाम्या गाडीत आबा शेजारी होते, ते काही बोलले नाहीत, फक्त हीटरचा नॉब बंद करून ठेवला.

घाटात चालवताना फॅन असला तरी वरच्या गिअरमध्ये रखडत चढू नका. एक गिअर खाली घ्या, आरपीएम वाढलं की इंजिनचा पंखा आणि पंप दोन्ही जोरात चालतात. काटा तरीही चढला तर कडेला घेऊन लगेच चावी बंद करू नका, दोन-तीन मिनिटं जरा ॲक्सिलरेटर दाबून चालू ठेवा, फॅन फुल्ल. वाफा येत असतील, पाणी गळत असेल किंवा काटा पार शेवटाला गेला असेल तर मात्र लगेच बंद. आणि गरम गाडीचं झाकण कुणी कितीही सांगितलं तरी उघडायचं नाही, आतलं पाणी शंभरच्या वरचं असतं, झाकण फिरवताक्षणी तोंडावर येतं.

हायवेला साठच्या वर फॅन बंद असलेला बरा, समोरचं वारं पुरेसं असतं. पावसाळ्यात ओढ्याच्या पुलावर पाणी असेल तर आधी फॅनचा हातस्विच बंद करून निळा दिवा विझला का बघा (गाडी गरम असेल तर टेम्परेचर स्विच फॅन चालूच ठेवतो) आणि खोल पाण्यात गाडी घालूच नका, पाण्यात फिरणारं पातं वाकून जाळीत घुसतं.

दिवाळीनंतर कारखाने चालू झाले की दर महिन्याला बॅटरी लावून जाळी बघायची. आता पुढं फॅन आहे म्हटल्यावर पाचट त्याच्या चौकटीच्या मागं अडकतं आणि बाहेरून दिसत नाही, म्हणून वर्षातून दोनदा फॅन पट्ट्यांसकट खाली घ्यायचा, जाळी धुवायची, कनेक्टर उघडून पेट्रोलियम जेली लावायची. माझ्याकडं चार बोल्ट आणि एक कनेक्टर आहे, बारा-तेराचा पाना, वीस मिनिटं.